विंचवाच्या प्रतिविषाची ताकद उंदरांशिवाय मोजता येईल का?

प्रश्न : गोदाकाठ (नाशिक)

सर्वांना नमस्कार.

मी नाशिकमध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लाल विंचवाच्या प्रतिविषाची क्षमता मोजण्याच्या पद्धती हा विषय मी प्रबंधासाठी निवडला आहे आणि त्यामागे घरचे कारण आहे. माझे आजोळ पेठ तालुक्यात. भातकापणीच्या दिवसांत पेंढ्या उचलताना किंवा गोवऱ्यांच्या ढिगात हात घालताना विंचू चावणे तिथे नवलाचे नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीला विंचू चावला तेव्हा मी घरातच होते. आधी पायाची आग, मग सारे अंग घामाने थबथबलेले आणि तळहात माठाच्या तळासारखे गार. शेजारचे एक आजोबा विंचू उतरवायला बसणार होते, पण मामाने तिला उचलून थेट सरकारी दवाखाना गाठला. प्रतिविष मिळाले, ती वाचली.

त्या कुपीतले औषध किती विष निष्प्रभ करते हा आकडा कसा ठरतो, हे शोधायला लागल्यावर मी पहिल्यांदा उंदरांच्या चाचणीपर्यंत पोहोचले. विषाची ठरावीक प्राणघातक मात्रा आणि प्रतिविषाच्या वेगवेगळ्या मात्रा एकत्र करून ते मिश्रण उंदरांना टोचायचे, ठरलेल्या वेळेनंतर किती जगले आणि किती मेले ते मोजायचे आणि निम्मे उंदीर वाचवणारी प्रतिविषाची मात्रा काढायची, म्हणजेच ईडी-५०. त्याआधी विषाची एलडी-५०, म्हणजे निम्मे उंदीर मारणारी मात्रा, काढायची, तीही उंदरांवरच. ही चाचणी मी एका प्राणीगृहात काही दिवस जवळून पाहिली. ज्या गटाला प्रतिविषाची मात्रा अपुरी पडते त्या गटातले उंदीर कसे मरतात हे पाहिल्यावर, मामेबहिणीचा जीव वाचवणाऱ्या औषधाची परीक्षा याच वाटेने व्हायला हवी का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

एलायझासारख्या चाचणीने प्रतिपिंडांचे प्रमाण मोजणे पुरेसे का मानले जात नाही? विंचवाचे विष ज्यांवर काम करते त्या माणसाच्या सोडियम वाहिन्या (पेशीच्या आवरणातली सोडियमची दारे) असलेल्या पेशी वापरून ही क्षमता मोजता येते का? आणि येत असेल, तर प्रत्यक्ष कारखान्यात अजून उंदीरच का वापरले जातात? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर १ : सातपूरकर

आपला प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. लस आणि प्रतिविषे तयार करणाऱ्या एका संस्थेच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात मी बरीच वर्षे होतो. आपण जे काही दिवस पाहिले, ते मी आठवड्यामागून आठवडे केले आहे. उंदीर जाळीच्या नळीत बसवायचा, शेपूट कोमट पाण्यात धरायची म्हणजे शीर फुगते, मग अगदी बारीक सुईने अर्धा मिलिलिटर मिश्रण हळूहळू सोडायचे. हात जरा घाईत असला की शीर फुटते आणि तो उंदीर वाया जातो, म्हणजे त्याच्या जागी दुसरा. सकाळी येऊन पिंजरे मोजताना माझ्या वहीत फक्त आकडे लिहिले जात. पण कोणत्या पिंजऱ्यात काय पाहिले ते अजून आठवते.

आता मूळ मुद्दा. नीट पाहिले तर उंदराच्या चाचणीतला अर्धा भाग आधीच परीक्षानळीत होतो. विष आणि प्रतिविष एकत्र करून ३७ अंश सेल्सिअसवर साधारण अर्धा तास ठेवतात. प्रतिपिंडाने विषाला पकडायचे ते काम त्या अर्ध्या तासात, काचेच्या नळीत उरकलेले असते. उंदराला टोचतो तेव्हा आपण एवढेच विचारत असतो की, मोकळे, काम करू शकणारे विष किती उरले? म्हणजे उंदीर इथे केवळ मोजपट्टी आहे. औषध शरीरात कसे पसरते, कुठे पोहोचते, आधीच जागेवर बसलेले विष सोडवते का, यातले काहीही ही चाचणी तपासत नाही. म्हणूनच दुसरी मोजपट्टी शोधणे शक्य आहे असे मी ठामपणे म्हणतो. अट एकच, तिने तोच प्रश्न विचारला पाहिजे.

एलायझा नेमकी इथे अडखळते. एलायझा विचारते, ‘प्रतिपिंड विषाला चिकटतो का?’ आपल्याला विचारायचे असते, ‘चिकटल्यावर विषाचे काम थांबते का?’ विंचवाच्या बाबतीत हे अंतर फार मोठे पडते. माणसाला मारणारी विंचवाची विषद्रव्ये म्हणजे साठ-सत्तर अमिनो आम्लांची, चार गंधकबंधांनी घट्ट बांधलेली छोटी प्रथिने. प्रतिविष बनवताना घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातले प्रतिपिंड घेतात, पण इतक्या लहान रेणूविरुद्ध घोड्याची प्रतिकारसंस्था सहजासहजी जोरदार प्रतिपिंड बनवत नाही. त्याच विषात मोठी विकरे आणि निरुपद्रवी प्रथिनेही असतात, आणि त्यांच्याविरुद्ध मात्र भरपूर प्रतिपिंड तयार होतात. सबंध विष चाचणीच्या खळग्यांच्या प्लेटवर बसवून एलायझा केली तर घोड्याच्या रक्तद्रवाचा आकडा उत्तम येतो आणि प्रत्यक्षात तो रक्तद्रव जीव वाचवण्यात कमी पडतो. असे नमुने मी स्वतः हाताळले आहेत.

यावर उपाय आहे. सबंध विषाऐवजी जेल गाळणीतून वेगळा काढलेला विषारी भागच प्लेटवर बसवायचा. उत्तर आफ्रिकेत आंड्रोक्टोनस विंचवाच्या विषावर काम करणारे लोक सेफाडेक्स जी-५० या जेलमधून काढलेला असा भाग अनेक वर्षांपासून वापरत आले आहेत, घोड्यांना टोचण्यासाठीही आणि चाचण्यांसाठीही. या भागावर केलेली एलायझा उंदराच्या निकालाच्या बरीच जवळ जाते. ती पुराव्याच्या जवळ जाते, पुरावा होत नाही, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.

इतिहासही आपल्या बाजूने आहे. इन्शुलिनची ताकद एके काळी सशांच्या रक्तातली साखर मोजून ठरवत, आज ती क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राने, ठरते. घटसर्पाच्या प्रतिविषासाठी व्हेरो पेशींवरची (माकडाच्या मूत्रपिंडातून मिळवलेल्या पेशीरेषेवरची) चाचणी उपलब्ध आहे. बोटुलिनम विषाच्या एका मोठ्या उत्पादनाला २०११ साली अमेरिकेत पेशींवरच्या क्षमता चाचणीची परवानगी मिळाली आणि त्यामुळे उंदरांचा वापर फार मोठ्या प्रमाणात कमी झाला. मात्र या तिन्ही ठिकाणी मोजायचा पदार्थ एक आहे. विंचवाचे विष हे मिश्रण आहे आणि ते प्रदेशागणिक बदलते. महाराष्ट्रातच वेगवेगळ्या हवामानाच्या भागांतून गोळा केलेल्या लाल विंचवांच्या विषातली पेप्टाइडे (छोटी प्रथिने) सारखी नसल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. म्हणून एकाच शुद्ध विषद्रव्यावर उभारलेली चाचणी अपुरी पडेल.

कारखान्यात उंदीर अजून का, याचे उत्तर पुष्कळसे कागदोपत्री आहे. प्रत्येक बॅच औषधकोशातल्या, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथातल्या, पद्धतीने तपासावी लागते. उत्पादकाला दुसरी पद्धत वापरता येते, पण ती समतुल्य असल्याचे सिद्ध करावे लागते आणि वाद निर्माण झाल्यास औषधकोशातली पद्धतच अंतिम मानली जाते. पर्यायी पद्धत सिद्ध करण्याचा खर्च आणि वेळ आज, फायदा उद्या, आणि विंचवाच्या प्रतिविषाची बाजारपेठ लहान. कोणी दुष्ट आहे म्हणून उंदीर मरतात असे नाही. पहिले पाऊल टाकण्याचा भार एकट्यावर पडतो आणि तो उचलायला कोणी पुढे येत नाही, अशी खरी अवस्था आहे.

उत्तर २ : घाटमाथा (ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी)

सातपूरकर सरांनी मोजपट्टीचे जे म्हटले आहे ते मला अगदी पटले. रुग्णाच्या खाटेजवळून दिसणारी बाजू मी मांडतो.

आमच्याकडे विंचूदंशाचे रुग्ण येतात तेव्हा विष अंगात शिरून तास-दोन तास, कधी त्याहून जास्त वेळ उलटलेला असतो. पाड्यावरून वाहन मिळेपर्यंत, त्याआधी विंचू उतरवणाऱ्याकडे जाऊन येईपर्यंत तेवढा वेळ जातोच. लाल विंचवाचे विष सोडियम वाहिन्या उघड्या ठेवते, त्यामुळे स्वयंचलित मज्जासंस्था बेफाम होते आणि रक्तात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. घाम, उलटी, गार हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि मग दमत चाललेले हृदय आणि फुप्फुसात पाणी, असा तो क्रम असतो. या वादळाला आवर घालण्यासाठी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरात आणले. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत, पुढे हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. त्यांनीच नंतर प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देऊन तुलना केली. प्रत्येकी ३५ रुग्णांचे दोन गट होते. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिविषासह प्राझोसिन मिळालेल्या गटात ३२ होते, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८. ही चाचणी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली.

हे एवढ्यासाठी सांगतो की, प्रतिविषाचे मोल अखेर इथे ठरते, उंदरातही नाही आणि प्लेटवरही नाही. माझ्या रुग्णाच्या शरीरात विष आणि प्रतिविष आधी अर्धा तास एकत्र बसलेले नसतात. विष आधी जाते, जागा धरते, मग आम्ही शिरेतून प्रतिविष देतो. त्यामुळे उंदरांच्या चाचणीत पास झालेली बॅच माझ्या रुग्णाला तितक्याच वेगाने उतार देईल याची हमी ती चाचणी देत नाही. आणि म्हणूनच, तिच्या जागी पेशींवरची चाचणी आली तर रुग्णाच्या सुरक्षिततेत फार मोठी पोकळी निर्माण होईल, हा युक्तिवादही टिकत नाही.

तरीही एक भीती प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या कपाटात कुपी असते तेव्हा ती निरुपयोगी नाही एवढी खात्री मला लागते. रात्री दोन वाजता सहा वर्षांचे मूल समोर श्वासासाठी धडपडत असताना कुपीवरच्या आकड्यावर शंका घेण्याची सोय नसते. नवीन चाचणी कमकुवत बॅच पकडते हे दाखवून द्या, मग उंदीर सोडायला माझ्यासारखा डॉक्टर सर्वांत आधी तयार होईल. चांगल्या बॅचला चांगले म्हणणे सोपे आहे.

उत्तर ३ : वाहिनी-अभ्यासक (मूळची नाशिकची, सध्या पुण्यात)

गोदाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. ते कसे साध्य होते आणि कुठे फसते हे थोडे खोलात जाऊन लिहिते, कारण हेच माझे रोजचे काम आहे.

सोडियम वाहिनी हे पेशीच्या आवरणातले दार समजा. विद्युतदाब बदलला की ते उघडते आणि एक-दोन मिलिसेकंदांत आपोआप बंद होते. विंचवाची अल्फा विषद्रव्ये वाहिनीच्या चौथ्या भागातल्या दाबसंवेदकाला धरून बसतात, त्यामुळे दार उघडते नेहमीसारखे, पण बंद व्हायला वेळ लावते. बीटा विषद्रव्ये दुसऱ्या भागाला धरतात आणि दार वेळेआधीच उघडायला लावतात. पॅच-क्लॅम्प या तंत्राने एकाच पेशीतून वाहणारा प्रवाह मोजला, तर अल्फा विष घातल्यावर प्रवाहाचे शिखर तिथेच राहते, पण त्याची उतरण लांबते. शिखराच्या तुलनेत पाच मिलिसेकंदांनंतर किती प्रवाह उरला आहे, हे गुणोत्तर काढायचे. नुसत्या पेशीत ते शून्याच्या जवळ असते, विष घातले की चढते, आणि विषात पुरेसे प्रतिविष आधी मिसळले असेल तर पुन्हा शून्याकडे येते. ते निम्म्यावर आणणारी प्रतिविषाची मात्रा हीच तुमची ईडी-५०, फक्त तिच्यामागे मेलेला प्राणी नाही. आता ही मोजणी ३८४ खळग्यांच्या प्लेटवर यंत्राने आपोआप करता येते. ज्यांच्याकडे ते महागडे यंत्र नाही ते विद्युतदाबानुसार चमक बदलणारा रंग पेशींत भरून प्रकाशमापकावर काम भागवतात.

आता फसगतीच्या जागा. पहिली जागा शिकायला माझे तीन महिने गेले. कुपीतल्या प्रतिविषात जंतू वाढू नयेत म्हणून बहुधा फिनॉल किंवा क्रेसॉल घातलेले असते. क्रेसॉल स्वतःच सोडियम वाहिन्या अडवते आणि पेशींनाही मानवत नाही. मी सुरुवातीला कुपीतले द्रव थेट वापरले आणि प्रतिविष विलक्षण प्रभावी असल्याचे दिसू लागले. एके दिवशी शंका आली म्हणून विंचवाशी काही संबंध नसलेले, पण त्याच परिरक्षकातले दुसरे प्रतिविष घातले, तर तेही तितकेच ‘प्रभावी’ निघाले! तेव्हापासून प्रत्येक नमुना आधी डायलिसिस करून परिरक्षकापासून मोकळा करते आणि विषाला न टोचलेल्या घोड्याचे प्रतिपिंड शेजारच्या रांगेत ठेवल्याशिवाय कोणताही निकाल मान्य करत नाही.

दुसरी जागा अशी की, अल्फा विषाची पकड पेशीच्या विद्युतदाबावर अवलंबून असते. पेशीचा आतला दाब पुरेसा ऋण असेल तर पकड घट्ट, दाब शून्याकडे सरकला की ती सैल. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एचईके-२९३ पेशींचा विश्रांतीचा दाब मज्जापेशीइतका ऋण नसतो. म्हणून रंगाच्या चाचणीत त्यांच्यावर विषाचा परिणाम मुळात कमी दिसतो आणि थोड्याशा प्रतिविषानेही तो पुसला जातो. पॅच-क्लॅम्पमध्ये दाब आपल्या हातात असतो, तिथे ही अडचण राहत नाही.

तिसरी जागा सर्वांत अवघड आहे. माणसात सोडियम वाहिनीचे नऊ प्रकार आहेत. मेंदूतला, स्नायूतला, हृदयातला, वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूतला, सगळे वेगवेगळे. एकच प्रकार निवडून चाचणी उभारली तर उरलेल्यांवर काम करणारी विषद्रव्ये नजरेतून सुटतात. शिवाय लाल विंचवाच्या विषात पोटॅशियम वाहिन्या अडवणारी पेप्टाइडेही आहेत. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाणारे आयबेरिओटॉक्सिन याच आपल्या विंचवातून वेगळे केले गेले. म्हणून मी किमान दोन-तीन वाहिन्यांचा संच सुचवते. सबंध शरीराचे वादळ, म्हणजे मज्जातंतू, ॲड्रेनल ग्रंथी, हृदय आणि फुप्फुसे यांची साखळी, कोणत्याही प्लेटवर उभी राहणार नाही. पण सातपूरकरांनी म्हटल्याप्रमाणे बॅचच्या चाचणीला ती साखळी विचारायचीच नसते.

आणि उंदीर माणसाची साक्ष किती खरी देतो? अमेरिकेच्या वाळवंटात टोळउंदीर नावाचा एक उंदीर तिथल्या विषारी विंचवाला खाऊन पचवतो. त्याच्या वेदनावाहक तंतूंतली एक सोडियम वाहिनी इतकी बदललेली आहे की, इतरांना असह्य वेदना देणारे विष तिथे उलट वेदना थांबवते. हे काम २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर हा टोळउंदीर नव्हे, हे मान्य. तरी प्राण्याप्राण्यांत वाहिनी बदलते हे खरे आहे आणि आमच्या पेशींत तर थेट माणसाची वाहिनी बसवलेली असते.

घाटमाथा सरांच्या मुद्द्यावर एक उपयोगाची गोष्ट. पेशींवर क्रम उलटा करून पाहता येतो. आधी विष द्यायचे, परिणाम पूर्ण दिसू द्यायचा, मग प्रतिविष सोडायचे आणि उतरण पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. पेशी काही सर्व रुग्ण नव्हे, पण आधीच बसलेल्या विषाबद्दल काहीतरी सांगणारी ही मोजणी आहे आणि औषधकोशातल्या चाचणीत ती मुळीच नाही.

गोदाकाठ (नाशिक)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्रेसॉलचा मुद्दा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडला नव्हता.

आता व्यावहारिक अडचण सांगते. आमच्या महाविद्यालयात पॅच-क्लॅम्प नाही, प्रकाशमापकही साधा, रंगाची तीव्रता वाचणारा आहे. पेशीसंवर्धनाची एक छोटी खोली आहे. माझ्या हाती जेमतेम दहा महिने आहेत आणि या कामासाठी मी एकही नवा उंदीर मारणार नाही असे ठरवले आहे. मग पर्यायी चाचणीची तुलना कशाशी करायची, हे मला सुचत नाही. तुलनेसाठी उंदरांचा आकडा तर लागणारच ना?

वाहिनी-अभ्यासक

तुमच्या खोलीत न्यूरो-२ए पेशी वाढवता येतील. उंदराच्या मज्जापेशींच्या गाठीतून फार पूर्वी मिळवलेली ही पेशीरेषा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशीरेषांचे भांडार आहे, तिथे चौकशी करा. या पेशींना वेराट्रिडिन आणि वॉबेन ही दोन द्रव्ये बेताच्या मात्रेत दिली की सोडियम आत शिरत राहते आणि बाहेर काढणारा पंप अडलेला असतो. त्यात वाहिनी उघडी ठेवणाऱ्या विषाची भर पडली की पेशी मरतात. समुद्री माशांतली आणि शैवालांतली सोडियम वाहिनीवर काम करणारी विषे ओळखण्यासाठी ही पद्धत १९९३ पासून वापरात आहे. जिवंत पेशी किती उरल्या ते एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याने कळते. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक बनवतात आणि ती जांभळी छटा तुमचा साधा प्रकाशमापक सहज वाचेल. वेराट्रिडिनची मात्रा बसवण्यातच पहिला महिना जाईल. मात्रा जास्त झाली की विष न घालताही सगळे खळगे पिवळे राहतात. धीर सोडू नका.

एक गोष्ट प्रबंधात जरूर नोंदवा. पेशी वाढवताना आपण गाईच्या गर्भातल्या वासराचा रक्तद्रव वापरतो. प्राण्यांना वगळलेली पद्धत असे म्हणण्याआधी त्याच्या जागी रक्तद्रवरहित माध्यम चालते का, तेही तपासा. माझ्याकडे अजून पूर्ण जमलेले नाही.

सातपूरकर

तुलनेचा आकडा आधीच अस्तित्वात आहे! बाजारात आलेल्या प्रत्येक बॅचची उंदरांवर चाचणी झालेली असते आणि तिचा निकाल उत्पादकाच्या नोंदीत असतो. शिवाय प्रत्येक बॅचचे राखीव नमुने मुदत संपेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ थंड खोलीत ठेवलेले असतात. तुमच्या मार्गदर्शकांच्या सहीने उत्पादकाला रीतसर पत्र लिहा आणि दहा-बारा जुन्या बॅचचे राखीव नमुने त्यांच्या ईडी-५० च्या निकालांसह मागा. जे उंदीर मेले ते मेले. त्यांनी दिलेला आकडा पुन्हा वापरणे हे निदान आपल्या हाती आहे.

घाटमाथा डॉक्टरांची अट विसरू नका. बाजारात आलेल्या बॅच सगळ्या पास झालेल्याच असणार, म्हणजे तुमच्याकडे कमकुवत नमुना नसेल. तो मुद्दाम तयार करा. एका चांगल्या बॅचचे तीन-चतुर्थांश आणि निम्मे असे विरलन करा, ते विषाला न टोचलेल्या घोड्याच्या प्रतिपिंडात करा म्हणजे एकूण प्रथिन तेवढेच राहील. दुसरा भाग उष्णतेने बिघडवा. नमुन्यांना सांकेतिक क्रमांक दुसऱ्या कोणाकडून घाला आणि मगच चाचणी करा. निम्म्या ताकदीचा नमुना तुमची चाचणी दर वेळी पकडते की कधी कधी, एवढेच जरी तुम्ही दाखवले तरी ते मोलाचे काम ठरेल.

आकडेवारीत एक खबरदारी घ्या. बहुतेक प्रबंधांत दोन पद्धतींमधला सहसंबंध गुणांक काढतात आणि तो ०.९ आला की समाधान मानतात. नमुने फार कमकुवत ते फार जोरदार असे पसरलेले असले की हा गुणांक आपोआप फुगतो. प्रत्येक नमुन्यासाठी दोन पद्धतींच्या उत्तरांतला फरक काढा आणि तो सरासरीसमोर मांडा, ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली सुचवल्याप्रमाणे. त्याच वेळी उंदरांच्या आकड्याची स्वतःची अनिश्चितता लक्षात घ्या. सहा उंदरांच्या गटात तीन वाचले की चार, एवढ्या फरकाने ईडी-५० इकडची तिकडे होते. ज्या मोजपट्टीवरच्या खुणा इतक्या विरळ आहेत, तिच्याशी नव्या पद्धतीने केसभरही फरक न ठेवता जुळावे अशी अपेक्षा कोणी परीक्षक धरू लागले, तर हा मुद्दा त्यांच्यापुढे अवश्य ठेवा.

नियमांच्या बाबतीत वारा अनुकूल आहे. आपल्या देशात नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन पेशी, अवयव-चिप (अवयवाचे काम छोट्या चिपवर पेशींकडून करवून घेणारे साधन) आणि संगणकीय पद्धतींना प्राण्यांवरच्या चाचण्यांचा पर्याय म्हणून जागा मिळाली. ती नवीन औषधांच्या संशोधनापुरती आहे, बॅच चाचणीचा औषधकोशातला नियम त्याने बदलत नाही. तो बदलायचा तर कोणीतरी आकडे घेऊन जावे लागेल. तोपर्यंत, जिथे उंदीर वापरावेच लागतात तिथे मृत्यूची वाट न पाहता, उंदीर परत सावरणार नाही हे दाखवणाऱ्या लक्षणांवर चाचणी थांबवून त्याला वेदनारहित मरण देता येते. विंचवाचे विष शिरेतून दिल्यावर परिणाम लवकर दिसतात, त्यामुळे हे शक्य आहे. मी नोकरीत असताना याचा आग्रह पुरेसा धरला नाही, याची खंत आहे.

पत्राचा मसुदा तयार झाला की इथे टाका. कोणत्या नोंदी नेमक्या कोणत्या शब्दांत मागायच्या ते मी पाहून देतो. राखीव नमुने मिळाले, तर ते आणताना बर्फाची पेटी लागेल. नाशिकच्या एप्रिलमध्ये साध्या पिशवीतून आणलेला नमुना महाविद्यालयात पोहोचेपर्यंतच ‘उष्णतेने बिघडवलेला’ झालेला असेल.